मास्तरांच्या नाकाचा डबा

तक बोंगसूला प्रकाश समजायचा तो गालाने. तेरा वर्षांचा असताना तो पुसानच्या एका फोटो स्टुडिओत उमेदवारीला राहिला. तिथला गुरू फार बोलायचा नाही. बोंगसूने लावलेल्या दिव्यात गिऱ्हाइकाच्या नाकाची सावली ओठाला शिवली, की तो गिऱ्हाईक जाईपर्यंत थांबायचा. मग बोंगसूला त्याच खुर्चीत बसवायचा, दिवा लावायचा आणि त्याच्या अंधारातल्या गालावर स्टँडच्या लाकडी पायाने हाणायचा. "ही सावलीची बाजू. आता लक्षात राहील." राहिलं. डावा कान कायमचा गेला, पण राहिलं.

हे तो मला हसत सांगायचा. हेजिनच्या बंदरात मी सहावीचा वर्ग घेत होतो आणि शाळेचे वर्गफोटो काढायचं काम बोंगसूकडे असे. न्हाव्याच्या दुकानावरती त्याचा स्टुडिओ होता. माणूस ठेंगणा, मानेने जाड, बोलणं रांगडं. पण खुर्चीत बसलेल्या म्हातारीची हनुवटी वर करायची झाली, तर आधी आपल्या हाताला बगलेत ऊब देई आणि मगच तिला हात लावी.

त्याच्या उजव्या तर्जनीचं टोक कायम करडं असायचं. ते टचिंगच्या पेन्सिलीचं शिसं. निगेटिव्हवर तो देवीचे व्रण, चामखीळ, डोळ्यांखालचं काळं, सगळं पुसून टाकायचा. आमच्याकडे माणसं साठी उलटली की स्वतःच्या अंत्ययात्रेची तसबीर आधीच काढून ठेवतात. तिरडीच्या पुढे काळ्या फितीत ती मिरवते, म्हणून ती देखणीच हवी. बोंगसूने निम्म्या हेजिनला मरणापुरतं देखणं केलं होतं.

बसथांब्याजवळ दुसरा स्टुडिओ होता तो प्यो इन्होचा. बोंगसूहून दहा वर्षांनी लहान, म्हणून त्याला ह्योंग, म्हणजे दादा, म्हणणारा; उंच, केसांना तेल, बोलण्यात साखर. खरं तर दोघं एकमेकांच्या पोटावर पाय देणारे. पण सोमवारी दोन्ही दुकानं बंद असत आणि दुपारी इन्हो सुक्या माशाचं पुडकं नि तांदळाच्या दारूची किटली घेऊन बोंगसूचा जिना चढे. मग दोघं दिव्यांचा सराव करत. एक पाचशे वॅटचा बल्ब, पत्र्याचा टोप, कागदी दाराचा जुना कागद ताणून केलेली चौकट आणि एक पांढरी चादर. बसायला मात्र माणूस लागे. माझं नाक लांब आणि मध्येच वाकलेलं आहे. बोंगसू म्हणे, "मास्तर, तुमच्या नाकावर जो दिवा जमला तो अख्ख्या कोरियावर जमेल."

"ह्योंग, थोडा वर घे. सावली ओठावर येतेय."

"तुला दिसतेय होय? मला वाटलं, तेल डोळ्यांतही गेलंय."

"डोळे आहेत म्हणून तर तुझे फोटो बघवत नाहीत."

दोघांचा एक नियम होता. रोलमध्ये बारा फ्रेम. अकरा गिऱ्हाइकाच्या. समोरून उजेड, सपाट, गोऱ्या. बारावी सोमवारची. तिच्यासाठी दिवा बाजूला न्यायचा आणि चेहरा जसा आहे तसा घ्यायचा. ती फ्रेम कापून पाकिटात घालायची, सोमवारी समोर ठेवायची आणि शिव्या खायच्या. शिव्या खाऊन झाल्या की ती फ्रेम बिस्किटांच्या एका पत्र्याच्या डब्यात जाई. सोमवारच्या सरावाच्या फ्रेमही त्यातच जात, म्हणजे त्यात बहुतेक मीच होतो, म्हणून डब्यावर बोंगसूने कुंचल्याने लिहिलं होतं, मास्तरांचं नाक.

अठ्ठ्याहत्तर सालच्या फेब्रुवारीत बांगडे डबाबंद करणाऱ्या कारखान्यातल्या बाया कामावरून उठल्या. मिठाच्या पाण्यात हात सडत होते. त्यांना रबरी हातमोजे हवे होते आणि जेवायला अर्धा तास. रविवारी सकाळी त्या फाटकापाशी बसल्या. कारखान्याच्या पहारेकऱ्यांचा नायक सोक मुकादम बर्फ फोडायच्या पहारी घेऊन वीस माणसांसह बाहेर आला. मी देवळावरच्या उतारावरून पाहिलं. हाडावर पहार बसल्याचा आवाज ओल्या लाकडासारखा येतो, हे मला त्या दिवशी कळलं. बाया पळाल्या नाहीत. एकमेकींच्या कमरेला हात घालून बसून राहिल्या, म्हणून त्यांना एकेक करून सोडवावं लागलं. केसांना धरून, बोटं उलटी मोडून. फाटकापुढच्या गटारात माशाचं पाणी वाहायचं, ते लाल झालं.

संध्याकाळपर्यंत बातमी आली, की वोल्सुन नावाची एकोणीस वर्षांची मुलगी बर्फखान्याच्या शिडीवरून पडून मेली. माझ्याच वर्गातली होती ती. गणितात कच्ची, पण वर्गात कोणी रडलं तर बाक सोडून उठायची.

दुसऱ्या दिवशी सोमवार. मी खुर्चीत बसलो होतो. इन्हो आला तो किटली न घेता. पाकीट त्याने दिव्याखाली ठेवलं आणि खिडकीकडे जाऊन उभा राहिला.

बोंगसूने फ्रेम बल्बसमोर धरली. लोक वर्तमानपत्र वाचतात तसा तो निगेटिव्ह वाचायचा. त्याला बराच वेळ लागला.

"कुठं काढलीस?"

"पोलीस चौकीमागच्या शेडमध्ये. काल दुपारी. बोलावणं आलं होतं."

"बाकीच्या अकरा?"

"दिल्या त्यांना. समोरून फ्लॅश मारून. अपघाताच्या कागदाला लावायला तसंच हवं होतं त्यांना."

"मग ही?"

"ही... हाताला सवय आहे ना, ह्योंग. अकरा झाल्या नि हातानेच फ्लॅश बाजूला नेला. क्लिक झाल्यावर मला कळलं मी काय केलं ते. कापली तीही सवयीनेच. त्यांना सांगितलं, शेवटची खराब गेली."

बोंगसूने फ्रेम माझ्यापुढे धरली. "मास्तर, बघा. तुमच्या वर्गातली."

निगेटिव्हमध्ये काळ्याचं पांढरं होतं, तरी कळलं. समोरच्या उजेडात ती झोपलेली दिसली असेल. बाजूच्या उजेडात गालाचं हाड आत गेलेलं होतं. आणि गळ्यावर, डावीकडे चार उंचवटे, उजवीकडे एक. चार बोटं आणि अंगठा. शिडीला बोटं नसतात.

बोंगसूने फ्रेम नीट पाकिटात ठेवली. मग वळून इन्होच्या तोंडावर ठोसा मारला. इन्हो चादरीत गुरफटून दिव्यासकट खाली आला. बोंगसू त्याच्या छातीवर बसला आणि एकेक आकडा मोजत मारू लागला. "एक. दोन. तीन. अकरा वेळा खोटं बोललास तू." मी त्याच्या खांद्याला लोंबकळलो. सातावर तो थांबला.

"नाही म्हणू त्यांना?" इन्हो रक्त थुंकत म्हणाला. "तू म्हटलं असतंस? वीस वर्षं तू काय करतोयस, बायकांच्या तोंडावरचे नवऱ्यांचे वळ पुसतोसच ना पेन्सिलीने? मला शिकवतो!"

बोंगसू उठला. त्याने पाकीट बिस्किटांच्या डब्यात, माझ्या नाकांच्या मध्ये ठेवलं आणि झाकण लावलं. इन्हो जिना उतरून गेला.

तासाभराने वोल्सुनची आई आली. बंदरावर मासे चिरायची ती. बाईच्या हातांना कापल्याच्या बारीक रेषा आणि त्यांत मीठ. तिने अंगरख्याच्या आतून वर्गफोटो काढला. दुसऱ्या रांगेत वाटाण्याएवढी वोल्सुन.

"पेटी खिळे ठोकूनच दिलीय, बुधवारी पुरायला सांगितलंय त्यांनी. तिची दुसरी तसबीर नाही. होईल?"

"होईल," बोंगसू म्हणाला. "हिची मूळ निगेटिव्ह माझ्याकडे आहे. मोठी करतो."

"जरा हसती करा."

ती गेल्यावर मी म्हटलं, "बोंगसू, तिला सांगायला नको?"

"काय सांगू? की मुलीचा गळा कोणीतरी दाबला, आणि आता तू तोंड उघडलंस तर तुझाही दाबतील? त्यापेक्षा पोर हसती झालेली बरी." तो माझ्याकडे न बघता पेन्सिलीला टोक करत होता. "मास्तर, मी भित्रा नाही. मला फक्त एवढंच काम येतं."

मंगळवारी सकाळी मी शाळेच्या निरोपाच्या अल्बमचे फोटो तपासायला त्याच्याकडे गेलो. भिंतीवर वोल्सुनचा मोठा केलेला चेहरा टांगला होता. डोळे-ओठ अजून धूसर, पुसलेल्या फळ्यासारखे. बोंगसू रात्रभर निगेटिव्हवर काम करून आता छापावर हात फिरवायला बसणार होता. तेवढ्यात जिना वाजला.

सोक मुकादम आणि तीन माणसं. मुकादम दिसायला सभ्य, दाढी गुळगुळीत. त्याने आधी माझ्याकडे बघून मान लववली, मग बोंगसूला म्हणाला, "रोलमध्ये बारा असतात म्हणे. आम्हाला अकरा मिळाल्या. तुझ्या दोस्ताचे चार दात गेल्यावर त्याला तुझं नाव आठवलं. कुठंय?"

"त्या कानात बोलू नका," बोंगसू म्हणाला, "तो बंद आहे."

मुकादमाने त्याच कानावर मुठीने मारलं.

"मेलेल्यालाच काय मारता? दुसरा जिवंत आहे."

मग त्यांनी दुसऱ्यावर मारलं. एकाने मला खुर्चीत ढकललं आणि पाचशेचा दिवा माझ्या तोंडाशी आणून ठेवला, इतका जवळ की भुवया करपल्याचा वास आला. बाकीच्यांनी कपाटं उपडी केली. छाप मोठे करायचा एन्लार्जर खिडकीतून खाली गेला आणि न्हाव्याच्या पायरीवर फुटला. डार्करूममधली रसायनं जमिनीवर ओतली. बोंगसूला त्यातच पाडून बरगड्यांत लाथा घातल्या. त्याच्या तोंडून शब्द येत नव्हता, नुसता भात्यासारखा आवाज.

एकाला बिस्किटांचा डबा सापडला. त्याने दोन-चार फ्रेम उजेडाकडे धरल्या.

"हे काय?"

"मास्तरांचं नाक," जमिनीवरून बोंगसू म्हणाला.

"आणि हे?"

"तेच. डावीकडून."

त्या माणसाने एक फ्रेम माझ्या तोंडाशेजारी धरली आणि हसत सुटला. "मुकादम, बघा तरी! एका नाकासाठी अख्खा डबा! आणि तरी मावत नाही!" दुसराही हसला. मुकादमाच्याही ओठांना मुरड पडली. डबा भिरकावला गेला. माझी दोन-अडीचशे नाकं जमिनीवर पसरली, आणि त्यांच्यात पाकिटातून निसटलेली, उताणी वोल्सुन, शेगडीच्या पायापाशी. तिच्यावरून बूट गेले. मी दिव्यात डोळे मिटून घेतले. उघडे ठेवले असते तर तिच्याकडे बघितलं असतं.

त्या काळी लोकांना फोटोच्या कडा नागमोडी कापून हव्या असत. त्यासाठी बोंगसूच्या टेबलावर एक लांब दांड्याचं पातं होतं. मुकादमाने ते उचलून पाहिलं, दोनदा वरखाली केलं.

"टचिंग कुठल्या हाताने करतोस?"

"डाव्या."

मुकादमाने त्याचे दोन्ही हात पालथे करून बघितले. उजव्या तर्जनीचं टोक करडं होतं. "फोटोवाले सगळेच खोटं बोलतात," तो म्हणाला. तिघांनी धरलं. "कुठंय बारावी?"

बोंगसूने माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली, अगदी थोडी. मला वाटतं, ती मान मला होती. बोलू नका. मी बोललो नाही. हे चाळीस वर्षं माझ्या पोटात आहे.

पातं खाली आलं. तर्जनी आणि मधलं बोट. कागदावर होतो तसाच आवाज झाला, फक्त जाड. बोंगसूची किंकाळी खाली बाजारापर्यंत गेली आणि कोणीही वर आलं नाही.

रॅकमधल्या सगळ्या निगेटिव्ह त्यांनी रस्त्यात नेऊन रॉकेल टाकून जाळल्या. त्यात त्या वर्षीचा सहावीचा वर्ग गेला आणि वोल्सुनच्या वेळचाही. नाकांकडे कोणी वळून पाहिलं नाही.

पहिला वर आला तो इन्हो. तोंड सुजून भोपळा झालेलं, एक डोळा बंद. त्याने कॅमेऱ्यावर टाकायचं काळं कापड फाडून बोंगसूचा हात बांधला. बांधता बांधता रडत होता.

"ह्योंग, मी नाव सांगितलं."

"कळलं मला."

"डबा नाही सांगितला."

"म्हणून तर दोन बोटंच गेली, फ्रेम राहिली," बोंगसू म्हणाला. मग बांधलेल्या हाताकडे बघत म्हणाला, "काल तू बोललास ते खरं होतं. वळांचं."

डॉक्टरकडून आणल्यावर बोंगसू झोपला नाही. संध्याकाळी वोल्सुनची आई तसबीर न्यायला आली. जिना चढल्यावर तिने फुटक्या काचा पाहिल्या, त्याचा हात पाहिला आणि काचा पायाने बाजूला सारल्या. बंदरावरच्या बाईला रक्त ओळखीचं असतं.

"तसबीर झाली नाही," बोंगसू म्हणाला. "दोन गोष्टी होऊ शकतात. हा छाप उरलाय. इन्हो रात्रीत त्यावर डोळे-ओठ काढील. त्याचं टचिंग भिकार आहे, पोर सिनेमातली नटी दिसेल, पण हसती दिसेल. किंवा मग हे." त्याने डाव्या हाताने पाकीट पुढे केलं. "हे तुला कालच दाखवायला हवं होतं मी. दाखवलं नाही."

निगेटिव्ह तिला वाचता येणार नव्हती. इन्होने घाईत एक लहानसा छाप काढून आणला होता, अजून ओला. तिने तो दिव्याखाली धरला. मग तिने स्वतःचा हात पसरून फोटोतल्या गळ्यावर ठेवला, एकेका उंचवट्यावर एकेक बोट टेकवत, कापड मापावं तसं.

"मोठा हात आहे," ती म्हणाली. "पुरुषाचा."

तिने स्वतःचा अंगठा उजेडात धरला.

"शिडीवरून पडली असं लिहून माझा अंगठा घेतलाय त्यांनी. मला वाचता येत नाही. हे येतं." तिने फोटो इन्होला परत दिला. "हा मोठा करा. यातलं काही पुसू नका."

"पुसायला बोटं कुठायत, वोल्सुनची आई," बोंगसू म्हणाला. "पण विचार कर. अशी तसबीर पुढे धरून उद्या कारखान्यावरून जायचंय. ते गप्प बसणार नाहीत."

"आता आणखी काय मोडणार आहेत माझं?"

इन्होच्या डार्करूममध्ये छाप काढला. मुकादमाने तिथे दात तोडले होते, यंत्र नाही. बोंगसू हात उंच धरून स्टुलावर बसला होता आणि तापाने थरथरत सूचना देत होता. "गळ्याला आणखी दहा सेकंद. कपाळ झाक, कपाळ झाक, गाढवा. तुला कोणी शिकवलं?" "तूच." "म्हणूनच." कोपऱ्यात बुटाचा एक ओरखडा आला. तोही राहू दिला.

बुधवारी सकाळी तिरडी निघाली. तसबीर मुलाने किंवा भावाने धरायची असते. वोल्सुनला भाऊ नव्हता. तिच्या आईने इन्होच्या हातात काळ्या फितीची चौकट दिली. "काढलीस तू, आता धरही तूच."

काचेतला चेहरा आणि काच धरणाऱ्याचा चेहरा, दोन्ही सारखेच सुजलेले. बघणारे आधी हबकत, मग टोपी काढत. गल्लीगल्लीतून बाया येऊन मिळाल्या. कोणाचा हात गळ्यात बांधलेला, कोणाच्या डोक्याला फडकी. फाटकापाशी येईपर्यंत दीडशे तरी झाल्या असतील. फाटकात पहारी होत्या, बाजूला पोलीस दंडुके घेऊन. पण अंत्ययात्रेच्या तसबिरीवर हात उचलणारा आमच्यात अजून जन्मायचाय. पहारेकऱ्यांची पुढची रांग जराशी मागे सरली.

बोंगसू इन्होच्या शेजारून चालत होता, खालच्या आवाजात.

"थोडी पुढे कलव. काचेवर आभाळ येतंय. कोणाला काही दिसत नाही."

"एवढी?"

"आणखी. नाकावर बघ. हां. आता धर."

काचेतलं आभाळ सरलं आणि गळा दिसला. रांगेतल्या पहारेकऱ्यांनी पाहिला. चार आणि एक. मग त्यांची नजर, न ठरवता, एकमेकांच्या हातांकडे गेली. सोक मुकादम मध्ये उभा होता. त्याने हात खिशात घातले.

वोल्सुनची आई पुढे झाली.

"हात बाहेर काढ," ती म्हणाली.

तो हलला नाही.

"काढ ना, बाळा. हात बाहेर काढ."

मागच्या बाया ते वाक्य म्हणू लागल्या. ओरडून नव्हे, माशांची टोपली उचलताना एक ताल धरतात तशा. हात बाहेर काढ. हात बाहेर काढ. मग दंडुके चालले. ते मागून चालले, बाजूने चालले, माझ्या खांद्याचं हाड तेव्हाच गेलं. बोंगसूने इन्होच्या पाठीवर स्वतःला टाकलं आणि जेवढे घाव पडले तेवढे घेतले. तसबीर जमिनीला लागली नाही. मुकादमाचे हात शेवटपर्यंत खिशातच होते.

खटला झाला नाही. कागदावर ती अजून शिडीवरूनच पडलेली आहे. पण हेजिनमध्ये शिडी हा शब्द नंतर कोणी तोंडाने उच्चारला नाही, आणि सोक मुकादमाशी बंदरात कोणी हात मिळवला नाही. वर्षभरात तो गाव सोडून गेला.

बोंगसूने टचिंग पुन्हा केलं नाही. गिऱ्हाइकं कमी झाली. सोमवार मात्र चालू राहिला. फरक एवढाच, की पुढच्या सोमवारी मी वर गेलो तेव्हा खुर्ची रिकामी नव्हती. पट्टी सोडलेला हात मांडीवर उघडा ठेवून बोंगसूच बसला होता आणि इन्हो दिवा बाजूला नेत होता.

"मास्तर, तुम्ही आज सुट्टीवर," बोंगसू म्हणाला. "हं, इन्हो, काढ. हात नीट आला पाहिजे."